तिळाला फुलांऐवजी पाला का येतो? फूल घडवणाऱ्या प्रथिनांच्या चौकडीविषयी

प्रश्न पारोळ्याजवळच्या एका गावातून आला आहे. विचारणारा विद्यार्थी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतो आहे. तो लिहितो: "फुलाचे अवयव घडवणाऱ्या जनुकांचं एबीसी मॉडेल पाठ आहे. पण आता वर्गात सांगतात की फुलाचा कोणता अवयव कुठे येणार हे एकटं जनुक ठरवत नाही, प्रथिनांची संकुलं, म्हणजे एकत्र जमलेले गट, ठरवतात. म्हणजे नेमकं काय होतं? संकुल जनुकाला चालू-बंद कसं करतं? आणि दुसरं, आमच्या खरिपाच्या तिळात यंदा बांधाकडच्या ओळींना फुलांच्या जागी हिरवे झुबके आलेत. वडील म्हणतात, 'फुलेसना पाला व्हई गया.' याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?"

संबंध आहे, आणि तो इतका थेट आहे की मी दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. तुमच्या वडिलांनी पाहिलं ते अगदी अचूक आहे. त्या झाडांवर फुलं कमी आलेली नाहीत की गळून गेलेली नाहीत. फुलांचा खरोखरच पाला झाला आहे. या रोगाला आपल्याकडे पर्णगुच्छ म्हणतात. तो फायटोप्लाझ्मा नावाच्या, पेशीभित्तिका नसलेल्या अतिसूक्ष्म जिवाणूमुळे होतो आणि तुडतुडे त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. हा जिवाणू झाडात शिरून ज्या प्रथिनांचा नाश करतो, ती नेमकी तुमच्या पहिल्या प्रश्नातल्या संकुलांतली प्रथिनं आहेत.

आधी शेतातलं एक झाड उपटून घरी आणा. निरोगी तिळाचं फूल तुम्ही पाहिलेलंच आहे: पानाच्या बगलेत एक नळीसारखं, पांढरट किंवा फिकट जांभळट फूल. बाहेर पाच छोटी निदलं (कळीला झाकणारी हिरवी दलं), मग पाच पाकळ्या जुळून झालेली नळी, नळीच्या आतल्या अंगाला चिकटलेले चार पुंकेसर, आणि मधोमध बीजांडांनी भरलेला अंडाशय, ज्याचं पुढं बोंड होतं. आता रोगट झुबका घ्या, नव्या ब्लेडनं उभा चिरा आणि भिंगाखाली बघा. निदलं मोठी होऊन पानांसारखी झालेली दिसतील. पाकळ्यांची नळी असेल, पण हिरवी. पुंकेसरांच्या जागी छोट्या पानांसारखे भाग दिसतील. अंडाशय फुगून लांबलेला असेल, आणि तो उघडलात तर आत बीजांडांऐवजी देठासारखे बारीक कोंब सापडतील. रोग जुना असला तर तेच कोंब अंडाशयाची भिंत फोडून बाहेर येतात आणि फुलाच्या पोटातून नवी फांदी निघते.

इथं दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या आहेत, त्या सुट्या करून बघा. एक, अवयवांची ओळख गेली: पाकळीला आपण पाकळी आहोत हे कळलं नाही, ती पानच राहिली. दोन, फूल थांबलं नाही. निरोगी फुलात अंडाशय तयार झाला की तिथली वाढ संपते. इथं ती चालूच राहिली. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

एबीसी मॉडेल तुम्हाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात. १९९१ मध्ये कोएन आणि मायरोविट्झ यांनी अराबिडॉप्सिस (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगशाळेत वापरलं जाणारं छोटं झाड) आणि स्नॅपड्रॅगन (बागेतलं एक फुलझाड) यांच्या उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बिघाड झालेल्या, फुलांवरून ते मांडलं. जनुकांचा ए गट एकटा असेल तर निदल, ए आणि बी मिळून पाकळी, बी आणि सी मिळून पुंकेसर, सी एकटा असेल तर अंडप, म्हणजे ज्याचा अंडाशय होतो तो अवयव. फुलाचे अवयव एकात एक वर्तुळांत असतात: बाहेरच्या वर्तुळांत ए, आतल्या वर्तुळांत सी, आणि दोघं एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात, ते याच हद्दी सरकल्यामुळे. (एक आवर्जून सांगतो: तीळ हा स्नॅपड्रॅगनच्याच गणातला आहे. त्यामुळे तिळाचा विचार करताना अराबिडॉप्सिसइतकंच स्नॅपड्रॅगनकडेही बघा. आपल्याकडचे विद्यार्थी ते विसरतात.)

मॉडेल सुंदर होतं, पण त्यात एक भगदाड होतं. ए आणि बी मिळून पाकळी होते हे खरं असेल, तर पानात ए आणि बी चालू केल्यावर पानाची पाकळी व्हायला हवी. ती झाली नाही. म्हणजे फुलात असं काहीतरी होतं, जे पानात नव्हतं, आणि मॉडेलच्या तीन अक्षरांत त्याला जागाच नव्हती.

ते सापडलं सेपालाटा जनुकांच्या रूपात. २००० मध्ये अराबिडॉप्सिसमधली तीन सेपालाटा जनुकं एकाच वेळी निकामी करून पाहिली, तेव्हा फुलाची सगळी वर्तुळं निदलांची झाली. २००४ मध्ये चौथंही निकामी केलं, तेव्हा सगळे अवयव जवळजवळ पानं झाले. तुमच्या बांधाजवळचा तीळ आणि हे चौपट उत्परिवर्तित झाड शेजारी ठेवून बघावं असं मला नेहमी वाटतं, इतकी ती जवळची आहेत. या गटाला ई म्हणतात. मधल्या काळात, २००१ मध्ये, होन्मा आणि गोतो यांनी उलटा प्रयोग केला. त्यांनी पानात बी गटातली अपेटाला-३ आणि पिस्टिलाटा ही दोन जनुकं चालू केली आणि जोडीला सेपालाटा-३ दिलं. पानांच्या जागी पाकळ्यांसारखे अवयव आले. त्यात सी गटातलं अगॅमस घातलं, तेव्हा खोडावरच्या पानांचे पुंकेसरांसारखे अवयव झाले. पानापासून फुलाचा अवयव बनवायला काय काय लागतं, याची पुरी यादी त्या दिवशी हातात आली.

आता यादीकडून संकुलाकडे येऊ. सगळा अर्थ इथं आहे.

ही जवळजवळ सगळी प्रथिनं एकाच घराण्यातली आहेत, मॅड्स घराण्यातली. यीस्टमध्ये आणि माणसातही या घराण्यातली प्रथिनं आहेत. ए गटातलं अपेटाला-२ तेवढं या घराण्याबाहेरचं. प्रत्येक मॅड्स प्रथिनाच्या सुरुवातीला सुमारे साठ अमिनो आम्लांचा भाग असतो, तो डीएनएला धरतो. मधे एक छोटा दुवा असतो. त्यानंतर के नावाचा भाग, तो दुसऱ्या प्रथिनाला धरतो. शेवटचं टोक सगळ्यांत जास्त बदलणारं आहे. के भाग नीट लक्षात ठेवा, रोगाचं मूळ तिथं आहे. सेपालाटा-३ च्या के भागाची स्फटिकरचना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दोन लांब मळसूत्री दंड दिसतात आणि दोन्हींच्या मधे ताठ बाक आहे. त्या बाकामुळे प्रथिन स्वतःवर दुमडू शकत नाही. त्याची पाणी नावडणारी, चिकटू बघणारी बाजू बाहेर उघडी राहते आणि तिथं शेजारचं प्रथिन येऊन बसतं.

एक मॅड्स प्रथिन एकटं काही करत नाही. दोन प्रथिनं जोडीनं डीएनएवरच्या एका ठरावीक खुणेवर बसतात. ती खूण डीएनएच्या दहा अक्षरांची (ही ए, टी, सी, जी अक्षरं वेगळी, मॉडेलमधल्या गटांशी त्यांचा संबंध नाही): सुरुवातीला दोन सी, मधे ए किंवा टी असलेली सहा अक्षरं, शेवटी दोन जी. तिला कार्ग पेटी म्हणतात. आता गणित करून बघा. अशी खूण कोणत्याही जीनोममध्ये, म्हणजे सजीवाच्या सगळ्या डीएनएत, केवळ योगायोगानं साधारण सोळा हजार अक्षरांमागे एकदा येते. अराबिडॉप्सिसचा जीनोम १३ कोटी अक्षरांच्या वर आहे, म्हणजे अशा खुणा हजारो. त्या सगळ्यांवर जोड्या बसून जनुकं चालू होऊ लागली तर फूल घडणारच नाही. खूण ओळखणं एवढ्यानं काम भागत नाही.

म्हणून चौकडी. टायसेन आणि झेडलर यांनी २००१ मध्ये मांडलेली कल्पना अशी: एक जोडी एका कार्ग पेटीवर बसते, दुसरी जोडी जवळच्या दुसऱ्या कार्ग पेटीवर, आणि मग दोन्ही जोड्या के भागांनी एकमेकींना धरतात. मधला डीएनए वळून त्याचा फास होतो. चार प्रथिनं, दोन खुणा, एक फास. कोणती चार, यावर अवयव ठरतो. निदलात ए गटातली दोन अपेटाला-१ आणि दोन सेपालाटा. पाकळीत अपेटाला-१, सेपालाटा, अपेटाला-३ आणि पिस्टिलाटा. पुंकेसरात अपेटाला-१ च्या जागी अगॅमस, बाकी तेच. अंडपात दोन अगॅमस, दोन सेपालाटा. प्रत्येक चौकडीत सेपालाटा आहे, हे पाहिलंत? जोड्यांना जोडणारा सांधा तोच आहे. सेपालाटा नसेल तर बी आणि सी गटातली प्रथिनं असूनही चौकडी जमत नाही.

दोन खुणा एका सुराला जुळण्यासाठी त्यांच्यातलं अंतरही जमावं लागतं. डीएनएचं मळसूत्र सुमारे साडेदहा अक्षरांत एक वेढा घेतं. दोन्ही पेट्या मळसूत्राच्या एकाच बाजूला आल्या तर फास सहज पडतो, विरुद्ध बाजूंना आल्या तर डीएनएला पीळ द्यावा लागतो. परीक्षानळीतल्या प्रयोगांत चौकडीची पकड या अंतरानुसार कमी-जास्त होताना दिसते. हजारो पेट्यांपैकी थोड्याच जनुकांशी मजबूत पकड का होते, त्याचं एक कारण हे.

पण डीएनएला धरलं म्हणजे जनुक चालू झालं असं नाही. वर्गात बहुतेक वेळा इथं थांबतात, आणि तुमचा "कसं" तसाच राहतो.

झाडातला डीएनए उघडा पडलेला नसतो. सुमारे १४७ अक्षरांचा एकेक तुकडा हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. वर पॉलीकोम्ब नावाच्या संकुलांनी काही जनुकांच्या हिस्टोनांवर "बंद" ही रासायनिक खूण मारलेली असते. पानात अगॅमस बंद का असतं? तिथं त्यावर ही खूण आहे म्हणून. कर्ली लीफ या पॉलीकोम्ब जनुकात बिघाड असलेल्या झाडात पानांमध्येच अगॅमस चालू होतं आणि पानं वळतात. हे १९९७ पासून माहीत आहे. म्हणजे फूल घडताना चौकडीला दोन कामं करावी लागतात: योग्य जनुक शोधायचं आणि त्यावरची कुलुपं काढायची. कुलुपं काढणारी यंत्रं वेगळी आहेत, ती चौकडी बोलावून आणते. २०१२ मध्ये अराबिडॉप्सिसच्या फुलांतून ही मॅड्स प्रथिनं त्यांच्या सोबत्यांसह बाहेर काढली, तेव्हा हिस्टोनांची गुंडाळी सरकवणारी प्रथिनं आणि "बंद" खूण पुसणारं एन्झाइम त्यांच्याबरोबर निघालं. लीफी (फूल घडायला सुरुवात करून देणारं प्रथिन) आणि सेपालाटा-३ ही प्रथिनं स्प्लेड आणि ब्रह्मा नावाच्या गुंडाळी सरकवणाऱ्या यंत्रांना बी आणि सी गटाच्या जनुकांपाशी आणून पॉलीकोम्बचा अंमल मोडतात.

आणि तेच प्रथिन जनुक बंदही करू शकतं. कोवळ्या कळीत अपेटाला-१ ची जोडी एसव्हीपी किंवा एजीएल-२४ या प्रथिनांशी जमते. ही जोडी ल्यूनिग आणि स्यूस नावाच्या दाबून धरणाऱ्या प्रथिनांना ओढून आणते, आणि बी-सी गटाची जनुकं अवेळी उघडत नाहीत. मग अपेटाला-१ स्वतःच एसव्हीपी आणि एजीएल-२४ ची जनुकं बंद करतं. जुने जोडीदार संपतात, सेपालाटा-३ वाढतं, अपेटाला-१ त्याच्याबरोबर बसतं आणि फुलाचे अवयव घडवायला लागतं. बैल तोच, पण जोडीला कोण आणि मागं वखर की तिफण, यावर वावरात काय होणार ते ठरतं. "अपेटाला-१ चं कार्य काय?" या परीक्षेतल्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर म्हणूनच अपुरं पडतं. कोणाबरोबर असताना, हे विचारल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थ नाही.

आता हिरव्या पाकळीकडे परत येऊ. पाकळी पांढरी का असते? पानात जीएनसी आणि जीएनएल ही दोन जनुकं हरितद्रव्य तयार होण्याला चालना देतात. अराबिडॉप्सिसमध्ये अपेटाला-३ आणि पिस्टिलाटा ही जोडी थेट त्या दोन जनुकांवर बसून त्यांना दाबते, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. पाकळीचा रंग येण्यासाठी आधी पानाचा रंग थांबवावा लागतो. चौकडी मोडली की हा दाब सुटतो. रोगट तिळाच्या पाकळ्यांचा हिरवेपणा समजून घ्यायला याहून साधी वाट मला माहीत नाही.

बी गटाची आणखी एक खोड सांगतो. अपेटाला-३ आणि पिस्टिलाटा यांचं संकुल स्वतःच्याच जनुकांवर बसून त्यांना चालू ठेवतं. एकदा पाकळी व्हायचं ठरलं की ते ठरलेलंच राहतं. संकुल तुटलं की ही स्वतःला धरून ठेवणारी साखळीही तुटते.

दुसरी बिघडलेली गोष्ट, फुलाचं न थांबणं, मला अवयवांच्या ओळखीपेक्षाही मोलाची वाटते, म्हणून ती जरा सविस्तर.

कळीच्या टोकाशी न संपणाऱ्या पेशींचा एक छोटा साठा असतो. तो वुशेल या जनुकामुळे टिकतो. फांदीच्या टोकाला वुशेल कायम चालू, म्हणून फांदी वाढत राहते. फुलात मात्र अंडप तयार होता होता वुशेल बंद व्हायला हवं. लवकर बंद झालं तर अंडपाला पेशीच पुरणार नाहीत. उशीर झाला तर फुलातून फूल निघत राहील. ही वेळ कोण साधतं? अगॅमस. आणि ते ज्या रीतीनं साधतं ती मी शिकवताना प्रत्येक वेळी फळ्यावर सावकाश काढतो. अगॅमस नकल्स नावाच्या जनुकापाशी जाऊन बसतं. तिथं पॉलीकोम्बचं संकुल आधीच बसलेलं असतं, त्याला ते हुसकतं. पण "बंद" ची जुनी खूण हिस्टोनांवर तशीच असते. ती कोणी पुसत नाही. पेशी विभागते, नवे हिस्टोन येतात, त्यांच्यावर खूण नसते, कारण ती मारणाराच हटवला गेला आहे. दर विभाजनाबरोबर खूण निम्मी विरळ होते. साधारण दोन दिवसांत ती इतकी विरळ होते की नकल्स चालू होतं, आणि नकल्स वुशेलला बंद करतं. घड्याळ नाही, संप्रेरकाचा वेगळा निरोप नाही. पेशींच्या विभाजनांनीच वेळ मोजली. २००९ आणि २०१४ मधल्या शोधनिबंधांत हे उलगडलं.

यात चौकडी खरोखर लागते का, की दोघांची जोडी पुरते? २०१८ मध्ये सेपालाटा-३ चं असं रूप तयार केलं, ज्यात जोडी जमते पण चौकडी नीट जमत नाही. सेपालाटा नसलेल्या झाडांत ते घातल्यावर अवयवांची ओळख बरीचशी परत आली, पण फूल थांबेना. फुलात फूल येत राहिलं. याचा अर्थ सगळ्या जनुकांना चौकडीची गरज सारखी नाही. काही कामं अर्ध्या-मुर्ध्या पकडीवर भागतात. थांबवण्याचं काम भागत नाही. तुमच्या तिळाच्या अंडाशयातून कोंब निघतात ते बघताना हे आठवा.

आता फायटोप्लाझ्मा करतो काय ते बघू. तो अन्नवाहिन्यांमध्ये राहतो, कळीच्या टोकापर्यंत स्वतः पोचत नाही. पण तो प्रथिनं सोडतो, आणि ती लहान असल्यानं कळीपर्यंत झिरपतात. त्यांतलं एक सॅप-५४. त्याच्या घराण्याला फायलोजेन म्हणतात, आणि अशी प्रथिनं फायटोप्लाझ्मांच्या अनेक जातींत सापडली आहेत. सॅप-५४ चा आकार मॅड्स प्रथिनांच्या के भागासारखाच आहे: दोन मळसूत्री दंड. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली ती चिकटणारी बाजू! सेपालाटा आणि अपेटाला-१ यांच्या के भागांना ते चिकटतं. नुसतं जागा अडवून थांबत नाही. दुसऱ्या हातानं ते झाडातल्याच रॅड-२३ या प्रथिनाला धरतं. रॅड-२३ चं नेहमीचं काम म्हणजे टाकाऊ प्रथिनं प्रोटिएझोमकडे, म्हणजे पेशीतल्या तुकडे करणाऱ्या यंत्राकडे पोचवणं. ते सेपालाटा आणि अपेटाला-१ ला टाकाऊ समजून तिकडं नेतं आणि त्यांचा चुरा होतो. रॅड-२३ ची ठरावीक जनुकं नसलेल्या अराबिडॉप्सिसमध्ये सॅप-५४ असूनही फुलांचा पाला होत नाही. सगळ्या साखळीचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

फायलोजेनांचा हल्ला मुख्यतः ए आणि ई गटावर असतो. बी आणि सी गटांना ती सहसा हात लावत नाहीत. लावायची गरजच नाही. सांधाच काढून घेतला की अगॅमस पेशीत असूनही चौकडीत बसू शकत नाही. निदलांची पानं, हिरवी पाकळी, पानासारखे पुंकेसर आणि न थांबणारा अंडाशय ही सगळी लक्षणं एका जिवाणूच्या एका छोट्या प्रथिनानं होऊ शकतात, ती यामुळे. हे बारीक प्रयोग अराबिडॉप्सिसवर झाले आहेत हे लिहिताना स्पष्ट लिहा. तिळाची लक्षणं त्यांच्याशी तंतोतंत जुळतात, पण तिळात ते रेणूच्या पातळीवर दाखवणं हे एम.एस्सी.च्या प्रकल्पाला शोभणारं काम आहे.

यातून जिवाणूला काय मिळतं, हेही तुमच्या मनात येईल. सॅप-५४ असलेल्या झाडांवर तुडतुड्यांनी अंडी घालणं पसंत केलं, असं २०१४ मध्ये दिसलं. वाहकाला बोलावलं की प्रसार होणार. मग कोवळा पाला तुडतुड्यांना आवडतो म्हणून हे होतं, असा तर्क निघाला. पण नंतरच्या कामात असं आढळलं की फुलांचा पाला झालेला नसतानाही सॅप-५४ मुळे तुडतुडे ओढले जातात. म्हणजे दोन्ही परिणाम एका प्रथिनाचे असले तरी एक दुसऱ्याचं कारण नाही. इथं घाईनं कथा जुळवू नका.

खानदेशातली दोन उदाहरणं याच दृष्टीनं पाहण्यासारखी आहेत. शहादा भागात पपईच्या उभयलिंगी झाडांवर थंडीत वेडीवाकडी, खाचा पडलेली फळं येतात. तिथं पुंकेसर अंडपासारखे होऊन अंडाशयाला चिकटलेले असतात. तिसऱ्या वर्तुळात बी ढिला पडला आणि सी तसाच राहिला, तर मॉडेल हेच भाकीत करतं. तिथं रोग नाही, तापमानाचा परिणाम आहे. याउलट कपाशीची डोमकळी. गुलाबी बोंडअळी आतून पाकळ्या धाग्यांनी बांधून टाकते, म्हणून फूल उमलत नाही आणि गुलाबासारखं दिसतं. ते सोडवून बघा: पाकळ्या, पुंकेसरांचा स्तंभ, अंडाशय सगळं जागच्या जागी असतं. त्याचा जनुकांशी काही संबंध नाही. बिघडलेलं प्रत्येक फूल या चौकटीत कोंबायचा मोह होतो. आधी चिरून बघायचं, मग बोलायचं.

एक सावधगिरी ए गटाबद्दल. बी आणि सी गट बहुतेक फुलझाडांत टिकून आहेत. अराबिडॉप्सिसमध्ये दिसतो तसा ए गट मात्र सगळीकडे सापडत नाही, स्नॅपड्रॅगनमध्येही तो तसा जुळत नाही. तिळाबद्दल लिहिताना "ए गट निकामी झाला" असं ठोकून देऊ नका.

आता वडिलांसाठी. झुबके आलेल्या झाडाला पुन्हा बोंडं धरणार नाहीत. जिवाणू अन्नवाहिन्यांत आहे, तो कोणत्याही टॉनिकनं किंवा युरियानं जाणार नाही, त्यावर पैसे घालू नका. ही झाडं उपटून वावराबाहेर नष्ट करा, ती उभी राहिली तर तुडतुडे तिथूनच रोग उचलतात. बांधावरचं तण काढा. रोग बांधाकडून सुरू झाला हे तुम्ही लिहिलंच आहे, आणि तुडतुड्यांचा मुक्काम बहुधा तिथंच असतो. पुढच्या हंगामात पीक लहान असतानाच तुडतुड्यांवर नजर ठेवा. फवारणीचं औषध आणि मात्रा जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राला विचारून ठरवा. बियाणं फसवं निघालं असं समजून दुकानदाराशी भांडू नका, फुलांचा पाला बियाण्याच्या भेसळीनं होत नाही.

आणि तुमच्यासाठी: झाडं नष्ट करण्याआधी नमुने घ्या. असं झाड निवडा, ज्याच्या खालच्या भागात चांगली बोंडं आहेत आणि वर झुबके. तिळाचं खोड खालून वर फुलत जातं, त्यामुळे एकाच खोडावर रोग लागण्याआधीची आणि नंतरची फुलं क्रमानं मिळतात. मधल्या दोन-तीन पेरांवरची अर्धवट बिघडलेली फुलं सगळ्यात मोलाची, ती आधी चिरून छायाचित्रं काढा. फायटोप्लाझ्मा ओळखायला पानाची मधली शीर आणि फुलाचा देठ घ्या, अन्नवाहिन्या तिथं जास्त असतात. पी-१/पी-७ आणि त्यानंतर आर-१६-एफ-२-एन/आर-१६-आर-२ या प्रायमरांनी (डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) दोन टप्प्यांत पीसीआर (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती वाढवण्याची पद्धत) करा, सुमारे सव्वा हजार अक्षरांचा पट्टा यायला हवा. कळ्यांचा आरएनए (चालू जनुकाची नक्कल) काढून सेपालाटा मोजायचा विचार तुमच्या मनात येईलच. तो मोजा, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका: सॅप-५४ प्रथिनाचा चुरा करतं, आरएनएचा नाही. जनुक चालू दिसेल आणि प्रथिन नसेल, असं होऊ शकतं. म्हणून एकाच पेरावरच्या कळ्या दोन नळ्यांत वाटा, एक आरएनएसाठी, एक प्रथिनासाठी, दोन्हींवर पेराचा क्रमांक लिहा आणि वावरातच बर्फात ठेवा.